विदर्भातलं दुसरं थंड हवेचं ठिकाण

विदर्भात थंड हवेचं ठिकाण एकच, आणि ते चिखलदरा. या एका वाक्याच्या भांडवलावर आम्ही आजवर पाहुण्यांना वैराटची उंची ऐकवली, गाविलगडाच्या दरवाजांतून फिरवलं आणि वर खवाही विकत घ्यायला लावला. ती मक्तेदारी गेल्या आषाढात मोडली. आमचे साडभाऊ वणीकडचे. देवी पॉइंटवर धुक्यात उभे राहून कणीस खाता खाता म्हणाले, "भाऊ, पहाड तं आता आमच्या इकडंबी झाले. तुमचे देवानं केले, आमचे डंपरनं."

वणी म्हणजे सपाट काळी जमीन आणि तिच्या पोटात कोळसा. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या उघड्या खाणींतून टनभर कोळसा काढायचा तर वरची पाचेक घनमीटर माती-दगड आधी उचलून बाजूला ठेवावी लागते. कागदावर ती 'ओव्हरबर्डन', बोलण्यात 'ओबी'. आमचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यांचा पहाड दोन निवडणुकांच्या मधल्या काळात उभा राहतो. शिवाय आमचा पहाड पावसात जागेवर थांबतो, एवढंच काय ते आमचं मागासलेपण.

या पहाडाचं सरकारी वय मात्र कधीच वाढत नाही, कारण तो 'तात्पुरता' असतो. पर्यावरण मंजुरीच्या अटी वाचल्या तर डोळे पाणावतात. ओबी नेमून दिलेल्या जागीच टाकावी, ढिगारा फार काळ सक्रिय ठेवू नये, उतार एकूण २८ अंशांच्या वर जाऊ नये, पायथ्याशी भिंत असावी आणि भोवती 'गारलँड ड्रेन'. म्हणजे ढिगाऱ्याला नालीची माळ, फक्त गळ्याऐवजी पायात. ही नाली आणि पाणी साठवायचा खड्डा किती मोठा? तर अचानक येणारा मोठ्यात मोठा पाऊस धरून वर आणखी ५० टक्के.

हिशेब सोवळ्या-ओवळ्याचा आहे. बाहेरून येणारं स्वच्छ पाणी ढिगाऱ्याला शिवूच द्यायचं नाही, बाहेरच्या बाहेर वळवायचं. ढिगाऱ्यावरून उतरलेलं गढूळ पाणी वेगळ्या टाकीत बसवायचं, गाळ खाली गेला की मगच नाल्यात सोडायचं. एप्रिलच्या पाहणीत ही नाली इतकी कोरडी आणि देखणी असते की फोटो काढावा. काढतातही. मग मृग येतो, ढिगाऱ्याचीच माती नालीत येऊन बसते आणि सोवळं-ओवळं एका पंगतीला जेवतं. त्यात पायाखाली काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यात भेगाळणारी, पाणी पिऊन फुगणारी. वरून ओझं, खालून लोणी. ढिगाऱ्याचा पाय सरकतो आणि तो चालू लागतो.

खाण बंद करताना तर आणखी मौज. २००९ च्या केंद्रीय नियमांनी त्यासाठी उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. ढिगारा परत खड्ड्यात भरायचा, वर माती पसरायची, झाडं लावायची. चांगलंच आहे. पण भरायला काढलेला दगड, खड्डा तयार होईपर्यंत ठेवणार कुठे? तात्पुरता, बाजूला. जुन्या तात्पुरत्याच्या शेजारी नवा तात्पुरता. जुन्यावर निदान गवत धरलं होतं, तेही या साफसफाईत खरवडून निघतं आणि पावसाला कोरी माती मिळते.

साडभाऊंच्या सोयाबीनमध्ये असाच राखाडी गाळ येऊन बसला. ते तक्रार घेऊन एका खाणीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं की गाळ तात्पुरता आहे. "मी म्हटलं, साहेब, सोयाबीनबी तात्पुरतंच असते. शंभर दिवसाचं."

ढिगाऱ्याखाली पाणी मुरलं की काय होतं, हे वेल्समधल्या अ‍ॅबरफॅननं पाहिलंय. तिथे कोळशाच्या खाणीचा सात नंबरचा ढिगारा झऱ्यांवरच रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. पुढे डोंगरावर उरलेले ढिगारे हलवायला पैसे हवेत म्हणून आपद्‌ग्रस्तांसाठी लोकांनी दिलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेतले. ते १९९७ मध्ये परत केले, बिनव्याजी. ही उसनवारीही तात्पुरतीच होती म्हणायची.

तसं पाहिलं तर दरीत ढिगारा टाकायची परंपरा आमचीच. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, म्हणून चिखलदरा. परवानगी घेतल्याचा उल्लेख नाही. पण गड्यानं नंतर हात धुतले ते ठरावीक जागी, भीमकुंडात. टाकीची सोय त्याच दिवशी होती.

साडभाऊंना सोडायला परतवाड्याकडे उतरत होतो. घाटात एका वळणावर दरडीची माती कडेला लोटलेली, पुढे चुना फासलेले दगड आणि वाकलेलं पिंप. काम प्रगतिपथावर असल्याचा फलक गंजलेला. ढिगाऱ्यावर कमरेएवढं गवत आणि सागाचं एक रोपही. साडभाऊंनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून बराच वेळ ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. पायथ्याशी कणीसवाल्याची शेगडी होती.

"हा कोणता पॉइंट म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"नाव अजून पडलं नाही बाप्पा," कणीसवाला निखारे फुंकत म्हणाला. "किती भाजू?"