शांततेचा आवाज

आमच्या ओळखीतल्या सहा जणांनी ठरवलंय की यंदा थंडीत बुलेट काढायच्या आणि अलिबागपासून मालवणपर्यंत समुद्राकाठच्या आडरस्त्यांनी जायचं. हायवे नाही, गर्दी नाही, नुसती शांतता. त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. पहिल्याच रात्री तिथे दोनशे मेसेज पडले.

शांततेची सुरुवात दणक्यात झाली.

हायवे नको, इतपत शहाणपणाला आमचाही पाठिंबा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. त्याचा क्रमांक 17चा 66 करून झालाय. रस्ता करून व्हायचाय.

पुढचा मुद्दा सायलेन्सरचा. सहापैकी चौघांनी कंपनीचा काढून ढमढम वाजणारा बसवून घेतला. म्हणजे हे शांतता शोधत गुहागरच्या वेशीवर पोचतील, तेव्हा ती मागच्या दाराने हेदवीला गेलेली असेल.

मग सामानाची यादी. गुडघ्याला ढाली, कोपराला ढाली, हेल्मेटवर कॅमेरा, हँडलवर कॅमेरा, शिवाय एक ड्रोन. बुलेटच्या तारांच्या चाकात ट्यूब असते, ती पंक्चर झाली की चाक उतरवावं लागतं, हे यादी करणाऱ्याला ठाऊक आहे का? जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हवेचा पंप, क्लचची एक केबल? यातलं काही नाही. केळशीच्या अलीकडच्या चढावर टायर बसला की सहाजण डोक्याला हात लावून बसतील.

ड्रोनमधून दृश्य सुरेख दिसेल.

या रस्त्याला ग्रुपवर ‘अनएक्स्प्लोर्ड’ म्हणतात. म्हणजे काय, तर जिथे मुक्कामी एसटी रोज रात्री जाते, ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपतात आणि पहाटे गाडी भरून परत निघते. ती वळणं तो ड्रायव्हर वर्षानुवर्षं घेतोय. गुडघ्याला ढाल नाही. इन्स्टाग्रामला खातं नाही.

म्हणून रस्त्याचा शोध लागायचा राहिला.

आता वेळापत्रक. ‘ताशी साठच्या हिशोबाने दुपारी दोनला दापोली.’ हा हिशोब कागदावर धावतो, खाडीपाशी थांबतो. या वाटेवर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. बोट आपल्या वेळेला सुटते. शेवटची चुकली, तर दाभोळहून चिपळूणचा वळसा आणि बागमांडल्याहून आंबेत-म्हाप्रळचा.

तुमची बाइक कितीही सीसीची असो, सावित्री नदीला त्याचं कौतुक नाही.

बोटीवर मात्र एकदा जाऊन बघाच. लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडते. आधी टेम्पो चढतो, मग जीपगाडी, उरलेल्या फटीत तुम्ही. गाडी गिअरमध्ये टाकून स्टँडवर लावायची आणि धरून उभं राहायचं. शेजारी टोपली घेतलेली मावशी तुमच्या तापलेल्या सायलेन्सरकडे बघते, लुगडं आवरते आणि म्हणते, “बाबा, हा बंद होतो का?”

सबंध सहलीतला हा एकमेव नेमका प्रश्न.

जेवणाचं तर विचारूच नका. प्लॅनमध्ये ‘लंच: जिथे भूक लागेल तिथे’. दुपारी अडीचला सहाजण अंगणात उभे राहून म्हणतात, “काकू, सहा थाळ्या. आणि मोदक.” काकू ओटीवरूनच सांगतात, “सकाळी फोन करायला हवा होतात. तांदूळ सहा माणसांचा आयत्या वेळी शिजतो का?” घरगुती खानावळीत सांगून ठेवल्याशिवाय चूल पेटत नाही. उकडीचे मोदक तर आदल्या दिवशी सांगायचे. ज्यांनी तीन आठवडे दोनशे-दोनशे मेसेज टाकले, त्यांना एक फोन सुचला नाही.

शेवटी टपरीवर वडापाव. तो दादरलाही मिळत होता.

बरं, या शांत रस्त्याचं भविष्य काय? रेवस ते रेडी सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी. आता कुठे खाड्यांवरच्या पुलांचं मनावर घेतलंय. ग्रुपवर शोककळा. “पूल झाले की मजा गेली रे. बोटीतच चार्म आहे.”

रात्री बाराला धोपाव्यात कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि धक्क्यावर बोट नसली, की त्या चार्मचं काय करायचं? पाण्यात सोडायचा?

पाहुण्याला वाटतं, गाव आहे तसं राहावं. गावाला वाटतं, पाहुण्यांच्या गावासारखं थोडं तरी व्हावं. दोघं एकमेकांचे फोटो काढतात.

आणि रस्ता इतका मोकळा का असतो, हे कुणी विचारलंय? बंद घरं दिसतात. कडीला कुलूप, अंगणात पाचोळा, मागे माड उभे. आपल्या हिरोला ते ‘एस्थेटिक’ वाटतं, तो बुलेट आडवी लावून फोटो काढतो. घरातली माणसं कुठे आहेत? विरारला, दिव्याला, डोंबिवलीला. हा ज्या गर्दीला कंटाळून निघाला, त्या गर्दीत त्या घराचा मालक लोकलच्या दारात लटकतोय.

जागांची अदलाबदल झालीय, इतकंच. एकाला ती सुट्टी वाटते, दुसऱ्याला नोकरी.

प्लॅनच्या शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना आहे: ‘गणपती आणि शिमगा टाळायचा. तेव्हा तिकडे फार माणसं असतात.’

असतात खरी. तिथलीच.