विनाभार बारा व्होल्ट

आमचा राउटर सोमवारी सकाळी पावणेनऊला मेला असता तर बरं झालं असतं. मेलेल्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. हा धड मरेना आणि धड उठेना. सगळे दिवे एकदम लागायचे, पाच-सात सेकंद टिकायचे आणि गुल व्हायचे. पुन्हा सगळे, पुन्हा गुल. गजर बंद करून परत पांघरूण ओढणाऱ्या पोरासारखा प्रकार चालला होता.

घरात वैद्यांना तोटा नव्हता. कन्येची नऊची मीटिंग. तिने ‘नेट गेलं’ असं जाहीर करून विषय मिटवला. सौभाग्यवतींनी राउटरला एक चापट मारून पाहिली. हा उपाय जुन्या डबा टीव्हीला लागू पडायचा. सुटलेला सांधा धक्क्याने जागेवर यायचा. राउटर त्या पिढीतला नाही, त्याला मार खाऊन सुधारायची सवय नाही. मग समोरचे आबा सिमकार्ड काढायची पिन घेऊन आले, ती मागच्या बारीक भोकात खुपसली आणि मोठ्याने दहा आकडे मोजले.

याला रिसेट म्हणतात. रिसेटने राउटर वायफायचं नाव विसरतो, पासवर्ड विसरतो, कंपनीने भरून दिलेलं युजरनेमही विसरतो. उपाशी माणसाला चक्कर आली म्हणून त्याची स्मृती पुसण्यातला हा प्रकार. सुदैवाने आमचा इतका अर्धमेला होता की आबांची पिन त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. पिन टोचली हे कळायलाही आधी जाग यावी लागते.

उरली कस्टमर केअर.

“सर, राउटर बंद करून चालू केलात का?”

“तो स्वतःच दर सात सेकंदांनी करतोय.”

“एकदा आपण करून बघा ना, सर.”

केलं. चहाची ऑर्डर द्यावी तितक्या सहजतेने पुढचा प्रश्न आला : “एलओएसचा दिवा लाल आहे का?” हा दिवा लाल होतो तो फायबरमधून प्रकाश येईनासा झाला की. म्हणजे वायर कुठेतरी तुटलीय, उंदराने कुरतडलीय किंवा कपाट सरकवताना कुणीतरी काटकोनात दुमडलीय. प्रश्न चांगला होता, पण तो जागं झालेल्या राउटरला विचारायचा. आमच्याने अजून डोळे उघडले नव्हते आणि बाई विचारत होत्या, त्याला दिसतंय का?

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला मात्र उगाच बदनाम आहे. त्यात एक अट असते, ती कुणी पाळत नाही. बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. ती निचरली की मेमरी खरोखर कोरी होते. आपण खटका दाराच्या बेलसारखा वाजवतो आणि वर म्हणतो, करून बघितलं, काही उपयोग नाही.

वास्तविक राउटर बिचारा बोलत असतो. एकही दिवा नाही म्हणजे वीजच पोचत नाही : खटका, एक्स्टेंशन बोर्ड, अडॅप्टर, पिन, याच क्रमाने बघायचं. नुसता पॉवरचा दिवा लागून तासभर तसाच राहिला, तर आतलं सॉफ्टवेअर बिघडल्याचा संशय घ्यायचा. सगळे दिवे लागून लागून विझत असतील, तर तो उठतोय आणि पडतोय. उठताना कुठे पडतो ते महत्त्वाचं. खटका दाबल्यावर आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, तो मेमरी तपासतो, मग साठवलेलं मोठं सॉफ्टवेअर उलगडतो. इथवर खर्च बेताचा. मग वायफायचा रेडिओ सुरू होतो आणि अचानक जास्त वीज मागतो. पुरवठा करणारा त्या क्षणी कच खातो, व्होल्टेज खाली येतं, प्रोसेसर घाबरून पहिल्यापासून सुरुवात करतो. आपण म्हणतो, राउटर खराब.

मीही म्हटलं. पिशवीत घालून पुण्याच्या तपकीर गल्लीत नेला. तिथे पार्किंग मिळालं, हा या लेखातला एकमेव अविश्वसनीय भाग. दुकानदाराने राउटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“अडॅप्टर?”

“घरी आहे.”

“पेशंट आणलात, डबा घरी ठेवलात.”

परत आलो, अडॅप्टर घेऊन पुन्हा गेलो. या खेपेला पार्किंग मिळालं नाही, तेव्हा वाचकांचा विश्वास परत बसायला हरकत नाही. त्याने मल्टिमीटर लावला. १२.१ व्होल्ट. अडॅप्टरवर छापलं होतं १२ व्होल्ट, १ अँपिअर. मी विजयी मुद्रेने म्हणालो, “बघा, हा ठणठणीत आहे.”

त्याने गल्ल्याशेजारच्या खणातून दुचाकीच्या इंडिकेटरचा बल्ब काढला. बारा व्होल्ट, दहा वॅट. म्हणजे पाऊण अँपिअरपेक्षा जरा जास्त, साधारण राउटरच्याच भुकेचा. “हा आत्ता मोकळा बसलाय साहेब,” तो म्हणाला. “मोकळं बसल्यावर सगळेच बारा दाखवतात.”

बल्ब जोडला. तो लालसर पेटला, थरथरला. मीटरवरचा आकडा बारावरून गडगडत सहाच्या घरात आला. “झोपला,” दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. रोगनिदान चाळीस सेकंदांत. घरात आम्ही दीड तास घेतला होता, तोही चुकीच्या पेशंटवर.

मी रेंगाळलेला बघून त्याने अडॅप्टर फोडून दाखवला. (घरी फोडू नका. २३० व्होल्टची वीज सरळ केली की आत सव्वातीनशे व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ दबा धरून बसतात.) आत एक कपॅसिटर होता. त्याचा माथा सपाट असायला हवा. तो टम्म पुरीसारखा फुगला होता. अशा कपॅसिटरचं आयुष्य बऱ्याचदा २,००० तास ठरवलेलं असतं, तेही १०५ अंश तापमानाला. दर दहा अंश कमी झाले की आयुष्य अंदाजे दुप्पट. हिशेब करा : ६५ अंशांना ३२,००० तास. न थांबता चालणाऱ्या यंत्राच्या वर्षात ८,७६० तास. भागून साडेतीन-पावणेचार वर्षं आली. आमचा राउटर बसवून चार वर्षं झाली. अडॅप्टर बिचारा हिशेबापेक्षा जास्तच राबला होता. आणि आम्ही त्याला ठेवलं कुठे होतं? टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सखाली, हवा लागणार नाही अशा बेताने, वरून क्रोशाचा रुमाल. राउटर मात्र दिवाणखान्यात मानाने उभा. कमावणारा अडगळीत आणि मिरवणारा शोकेसमध्ये, ही पद्धत काही आम्ही सुरू केलेली नाही.

नवा अडॅप्टर घेताना पत्रिका बघावी लागते, पण छत्तीस गुणांची गरज नाही, चार पुरतात. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त. जास्त असले तरी राउटर हवे तेवढेच घेतो. पिनची जाडी जुळायला हवी. आणि धन-ऋण कोणत्या बाजूला, ते छोट्या गोल चित्रात छापलेलं असतं, ते पाहायला हवं. सेट-टॉप बॉक्सची पिन ‘बसतेय की’ म्हणून लावू नये. बसणं आणि जमणं यातला फरक लग्न झालेल्यांना वेगळा सांगायला नको.

नवा लावला. राउटर मिनिट-दीड मिनिटात उठला आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने लुकलुकू लागला. संध्याकाळी कंपनीचा संदेश आला : ‘ग्राहकाने राउटर बंद करून चालू केल्याने तक्रार निवारण झाले.’

मी मात्र येताना दुकानातून तसा एक बल्ब विकत घेतला. तेव्हापासून मला सगळीकडे विनाभार बारा व्होल्ट दिसतात. नालेसफाई मे महिन्यात शंभर टक्के असते; जूनचा पहिला पाऊस म्हणजे तिचा दहा वॅटचा बल्ब. सोसायटीच्या लिफ्टचा बॅकअप रविवारी सकाळी रिकाम्या लिफ्टवर तपासून पास करतात. चोवीस तास चालणारी हेल्पलाइन दुपारी बाराला फार गोड बोलते. निवडणुकीआधीच्या उमेदवाराला तर मल्टिमीटर लावू नका, काटा मोडेल. सगळे आकडे खरे असतात. फक्त ते मोकळं बसून काढलेले असतात.

हे तत्त्वज्ञान रात्री जेवताना मी सविस्तर मांडलं. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकलं. मग टेबलावरचा बल्ब उचलून त्याच्या तारांची दोन टोकं नीट न्याहाळली.

“गेल्या दिवाळीपासून तू माळा साफ करतो म्हणतोयस,” ती म्हणाली. “ही टोकं तुला कुठे लावायची?”