रजिस्टर निर्जंतुक आहे

पाण्यातला क्लोरीन रोज मोजायचा आणि तो रोज तेवढाच भरायचा, हा चमत्कार कॅनडातल्या वॉकर्टन गावात वर्षानुवर्षं चालू होता. विहिरीवरच्या तक्त्यात आकडा ०.५० नाहीतर ०.७५. पाऊस पडो, बर्फ वितळो, आकडा ढळत नसे. निसर्गाला असे नीटनेटके आकडे जमत नाहीत. त्यासाठी पेन लागतं.

वॉकर्टन हे ओंटारिओ प्रांतातलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे धो धो पाऊस झाला. शेजारच्या शेतात घातलेल्या शेणखतातले जंतू मुरत मुरत पाच नंबरच्या उथळ विहिरीत उतरले. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर असे दोघे जोडीने आले. सुमारे २,३०० माणसं आजारी पडली, ७ दगावली. शेतकऱ्याचा दोष नव्हता, असं चौकशीत निघालं. खत त्याने रीतसर घातलं होतं. चुकलं होतं ते विहिरीचं ठिकाण. १९७८ साली ती खणली तेव्हाच आसपासची जमीन ताब्यात घेण्याचा विचार करा, असं भूजलतज्ज्ञाने सुचवलं होतं. अहवाल फाइलला लागला. पाणी लागो न लागो, फाइलला अहवाल लागतोच.

पाणीपुरवठा बघायला स्टॅन कोबेल आणि त्याचा भाऊ फ्रँक. परीक्षा-बिरीक्षा नाही, अनुभवी म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं. क्लोरीनचा वास येतो म्हणून गावकरी कुरकुरत, मग हे हात आखडता घेत. वाईट हेतू नव्हता हो! दोघं स्वतः बिनक्लोरीनचं पाणी खुशाल पीत, चवीला बरं लागतं म्हणून. नमुना एका नळाचा घ्यायचा आणि बाटलीवर नाव दुसऱ्याच ठिकाणाचं टाकायचं, हीही वहिवाट. त्यात कामावर बिअर. (म्हणजे पिण्यासाठी काय सुरक्षित, याचा थोडाफार अंदाज असावा.)

१७ मेला प्रयोगशाळेने स्टॅनला कळवलं की पाण्यात जंतू आहेत. तो गप्प बसला. १९ मेला आरोग्य खात्याने विचारलं, पाणी कसं आहे? उत्तर आलं, ठीक आहे. पोरं रक्ताच्या हगवणीने दवाखान्यात, आणि पाणी ठीक. पाणी उकळून प्या, ही सूचना निघाली २१ मेला, तीही आरोग्य खात्याने स्वतःच्या अकलेने काढली. प्रयोगशाळेने परस्पर आरोग्य खात्याला का नाही कळवलं? कारण १९९६ साली प्रांत सरकारने पाण्याची तपासणी खासगी प्रयोगशाळांकडे सोपवून खर्च वाचवला होता, आणि त्यांनी आरोग्य खात्याला कळवलंच पाहिजे, असा कायदा करायचा राहून गेला होता. न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या चौकशीत भावांबरोबर सरकारवरही ठपका आला. शिक्षा मात्र भावांना झाली: स्टॅनला वर्षभराचा तुरुंग, फ्रँकला नऊ महिने घरातच कैद. सरकारला घरी बसवायचं काम न्यायालयाचं नसतं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे क्लोरीनची टीसीएल पावडर आहे, ती पाण्यात टाकायला जलसुरक्षक आहे, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्टची बाटली आहे, तिचं रजिस्टर आहे, आणि वर ग्रामपंचायतीला पाण्याच्या धोक्यानुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड आहे. व्यवस्था कागदावर वॉकर्टनपेक्षा कांकणभर सरसच. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर, तास-अर्धा तास थांबा, नळाच्या पाण्यात ओटी टाकून पिवळा रंग येतो का बघा. इतकं सोपं, की न करताही लिहिता येतं. पावडरीचं पोतं ओल्या खोलीत तोंड उघडं टाकून पडलेलं असतं; क्लोरीन केव्हाच उडून गेलेला, उरलेली पांढरी भुकटी विहिरीत पडली काय, फळ्यावर घासली काय, सारखीच. पण नोंद ‘टीसीएल टाकली’. ती खोटीही नसते. आणि वास आलाच, तर सरपंचाला आधी फोन: पाण्याला दवाखान्याचा वास येतोय, आमच्या आजोबांनी हेच पाणी पिऊन नव्वदी गाठली! आजोबांची जी भावंडं पाळण्यातच गेली, ती फोन करत नाहीत.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गावची विहीर एकाएकी बातम्यांत आली. रुग्णांच्या नमुन्यांत सापडला तोच वॉकर्टनवाला कॅम्पिलोबॅक्टर. नांदेडसारखी गावं महापालिकेत आली होती, पाण्याचं शुद्धीकरण केंद्र मागून येणार होतं. संशयाची सुई विहिरीवरून कोंबड्यांवर, कोंबड्यांवरून आरओच्या जारवर फिरली. फिरता फिरता ती क्लोरीनच्या नोंदवहीपाशी किती थांबली, ते विचारायला हवं.

तुम्ही एक करा. ग्रामपंचायतीत जाऊन ओटीचं रजिस्टर मागा. पावसाळ्यातली पानं उघडा. रोज एकच शेरा, एकाच पेनाने, रविवार आणि पोळ्यासकट असेल, तर घरी जाऊन पाणी उकळा. एखाद्या तारखेपुढे ‘रंग आला नाही, पावडर संपली’ असं वाकड्यातिकड्या अक्षरात दिसलं, तर ते लिहिणाऱ्याला शोधून चहा पाजा. उकळलेला.