बिनचुंबकी पाहुणा

बुडबुडा म्हणजे पाहायला गेलं तर काहीच नाही. आत हवा, भोवती दुसऱ्याचा द्रव. पण बंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर भाच्याने दोन काचपट्ट्यांमध्ये चुंबकी द्रवाचा थेंब दाबला, त्यात नकळत एक बुडबुडा अडकला, आणि रविवारची दुपार त्याच्यापायी गेली. टेबलक्लॉथही गेला, हा डाग कुठल्याही साबणाला दाद देत नाही.

द्रव बाटलीत काळाकुट्ट, काचेखाली पातळ झाला की तपकिरी. त्यात मॅग्नेटाइटचे साधारण 10 नॅनोमीटरचे कण असतात. त्यांचे गोळे होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचा थर. काळेपणामुळे आतलं दिसत नाही, म्हणून संशोधक त्यातल्या बुडबुड्यांचे चक्क एक्स-रे काढतात.

भाच्याने बाजूने चुंबक आणला. बुडबुडा आधी लांबट झाला, मग पलीकडे सरकला.

“घाबरला की काय रे?”

“मावशी, चुंबक त्याला ढकलतच नाहीये. द्रव चुंबकाकडे धावतो, जागा अडवतो. हा आपोआप बाहेर पडतो.”

हे मला लगेच पटलं. जयनगरच्या एका कल्याण मंटपात ‘ह्यांच्या ऑफिसातलं लग्न’ म्हणून मी गेले होते. फोटोग्राफरने “फॅमिली, फॅमिली” पुकारलं, नातेवाईक स्टेजकडे लोटले, आणि कुणीही ‘बाजूला व्हा’ न म्हणता मी हात धुवायच्या नळापाशी पोचले.

चुंबक खाली असला तर बुडबुडा लवकर वर येतो. वर धरला तर रेंगाळतो, जोर पुरेसा असेल तर थबकतोसुद्धा. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर मात्र ते त्याला कुठेच ढकलत नाही, नुसतं ताणतं.

हा द्रव 1963 साली नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी केला तो रॉकेटसाठी. वजनरहित अवस्थेत वर आणि खाली उरतच नाही, मग बुडबुड्याने जायचं कुठे? पंपाच्या तोंडाशी गेला तर इंजिन अडतं. म्हणून इंधनच चुंबकी करून हवं तिथे ओढायचं, अशी ती कल्पना. रॉकेटांनी ती फारशी मनावर घेतली नाही. द्रव मात्र लाउडस्पीकरच्या कॉइलभोवती उष्णता वाहून नेण्याच्या नोकरीला लागला. न्यू बीईएल रोडवरच्या इस्रोच्या अंतरिक्ष भवनासमोरून मी भाजीच्या पिशव्या घेऊन जाते. टाकीतल्या बुडबुड्यांची काळजी करायचा पगार मिळतो, हे आधी कळतं तर मीही अर्ज केला असता.

भाच्याला आता दोन बुडबुडे हवे होते. चुंबकक्षेत्राच्या दिशेने एकामागे एक असले तर ते जवळ येतात, शेजारी शेजारी असले तर एकमेकांपासून लांब सरकतात, हे तो मला आकृती काढून समजावत होता. आकृतीची गरज नव्हती. त्या मंटपात दोन विहिणींच्या खुर्च्या कुणीतरी शेजारी मांडल्या होत्या.