बारावी कुठून?

जून लागला की माझ्या ओसरीवर एकच प्रश्न येतो. "सर, लागन का जी नंबर?" विचारणारे बदलतात. कधी देवळीचा बाप असतो, कधी समुद्रपूरची आई, कधी हिंगणघाटहून मोटारसायकलवर एकटाच आलेला पोरगा. मोबाइलवर निकालाचा फोटो उघडलेला असतो. मी आकडा पाहावा, हो की नाही ते सांगावं आणि त्यांनी पाऊस यायच्या आत घर गाठावं, एवढीच अपेक्षा.

मी आकडा नंतर पाहतो. आधी विचारतो, "बारावी कुठून केली?"

या प्रश्नानं माणसं गोंधळतात. मार्क किती पडले हे विचारायचं सोडून हा मास्तर शाळेचं गाव काय विचारतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या हुकलेल्या जागांपैकी कितीतरी जागा मार्कांमुळे हुकल्या नाहीत. त्या दोन वर्षं आधी, अकरावीला प्रवेश घेतला त्या दिवशीच हुकल्या होत्या.

परवा आष्टी तालुक्यातून बाप-लेक आले. मुलगी शांत, नीटनेटकी. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेले. दहावीची गुणपत्रिका इथली, अधिवास प्रमाणपत्र इथलं, जातीचा दाखला इथला. सगळ्यात खाली बारावीची गुणपत्रिका होती आणि ती राजस्थानातल्या एका शाळेची. कोट्याला दोन वर्षं क्लास केला, शाळा नावापुरती. ती शाळा तिनं किती वेळा पाहिली, असं विचारलं. "प्रॅक्टिकलला आणि पेपरला," ती म्हणाली. नीटमधली रँक चांगली होती. महाराष्ट्राच्या यादीत ती सरकारी कॉलेजच्या अगदी जवळ पोचली असती.

पण ती महाराष्ट्राच्या यादीतच नाही. आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या. त्यांच्यासाठी नुसता अधिवास पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास झालेली लागते. फौजी आणि केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना यात काही सवलती आहेत, आष्टीच्या कास्तकाराच्या मुलीला नाहीत. तिला उरल्या देशभराच्या १५ टक्के जागा आणि नागपूरचं एम्स, जिथं राज्याचा कोटाच नाही, सारा देश एका रांगेत उभा असतो. १९४७ साली सुरू झालेलं नागपूरचं मेडिकल कॉलेज तिच्या घरापासून काही तासांवर आहे आणि त्याचं मोठं दार तिच्यासाठी बंद आहे.

मी हे सांगितलं तेव्हा बाप काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "पन आमी तं इथलेच आहो नं जी. सातबारा दाखवू का?"

सातबारा खरंच त्याच्या पिशवीत होता.

माझा राग त्याच्यावर नाही, मुलीवर तर नाहीच. दोन वर्षांचे पैसे ज्यांनी मोजून घेतले त्यांच्यावर आहे. त्यांच्या टेबलावर हा नियम रोज येतो. बारावी राजस्थानची झाली तर महाराष्ट्राची रांग सुटेल, एवढं एक वाक्य प्रवेशाच्या दिवशी सांगायला काय जात होतं? सांगितलं असतं तर तिनं क्लास तिथं केला असता आणि फॉर्म इथून भरला असता, किंवा गेलीच नसती. निवड तिची राहिली असती.

इंजिनिअरिंगलाही हेच. नागपूरचं व्हीएनआयटी घ्या. वर्ध्याहून सकाळच्या गाडीनं गेलं तर दुपारच्या आत काम आटोपून परत येता येईल इतकं जवळ. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी आणि निम्म्या बाहेरच्या. पण महाराष्ट्राचा मुलगा कोण? जेईईच्या हिशेबात बारावी जिथून पास झाला ते त्याचं राज्य. जन्म, घर, रेशनकार्ड काही मोजलं जात नाही. सेलूचा मुलगा कोट्याच्या शाळेतून बारावी झाला की कागदावर तो राजस्थानचा. त्याचं गृहराज्याचं एनआयटी जयपूरला, आणि नागपुरात तो परका.

राज्याबाहेर न जाताही फरक पडतो. सीईटीच्या कॅप प्रवेशात बऱ्याच कॉलेजांत राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. हद्द ठरते ती बारावीच्या गावावरून. वर्ध्यात बारावी केली तर तुम्ही नागपूर विद्यापीठाचे. लातूरला केली तर नांदेडच्या विद्यापीठाचे, मग नागपूरच्या कॉलेजात तुम्ही ३० टक्क्यांच्या रांगेत. लातूरला जाऊ नका असं मी म्हणत नाही, तिथं शिकवतात चांगलं. पण काय देऊन काय घेतो आहोत ते जाताना माहीत हवं.

आता आकड्याकडे येऊ.

"सहाशे पडले, लागन का?" या प्रश्नाला उत्तर नाही. २०२४ च्या नीटमध्ये सहाशेच्या वर सुमारे ऐंशी हजार मुलं होती. पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारेच ६७ निघाले आणि सुधारित निकालात ते १७ उरले. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, पेपर कठीण निघाला. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ पडले आणि सहाशेच्या वरची मुलं तेराशेच्या आसपास भरली. म्हणजे एका वर्षी सहाशे मार्कांवर सरकारी कॉलेजची खात्री नव्हती आणि दुसऱ्या वर्षी त्याच सहाशेवर देशातली नामांकित कॉलेजं खुली होती. मुलगा तोच, अभ्यास तोच. तरी २०२५ च्या जूनमध्ये कित्येक घरांत सुतक होतं. मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या मार्कांशी मुलाचे मार्क ताडून पाहिले आणि आई-बापांनी पोराला घालूनपाडून बोलून घेतलं. रँक आल्यावर कळलं की पोरानं झकास पेपर दिला होता. बोललेलं मात्र परत घेता येत नाही.

म्हणून मार्क विचारू नका, रँक विचारा. मागच्या दोन-तीन वर्षांत कुठल्या रँकवर यादी बंद झाली ते पाहा, आणि तेही आपल्याच प्रवर्गाच्या, आपल्याच कोट्याच्या ओळीत. हे तक्ते सरकारी वेबसाइटवर फुकट आहेत. मोबाइलवर दिसतात. तेच तक्ते रंगीत पानावर छापून 'तुमच्या मुलाचा चान्स ७८ टक्के' असं सांगून हजारो रुपये घेणारे लोक आहेत. ७८ हा आकडा कुठून आला, हे त्यांना एकदा विचारून पाहा.

पर्सेंटाइलचा घोळ वेगळाच. मागं एका गावात सीईटीला ९२ आले म्हणून मुलाला फेटा बांधला, गावजेवण घातलं. मुलाचं कौतुक व्हावंच. पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असतील तर ९२ पर्सेंटाइल म्हणजे पुढं साधारण चोवीस हजार मुलं. ९९ म्हणजे तीन हजार. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातलं कॉम्प्युटर खुल्या गटात ९९.८ च्याही वर बंद होत आलं आहे, म्हणजे तीन लाखांतले पहिले पाच-सहाशे. घरात पुण्याच्या गोष्टी सुरू करण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. ९२ ला चांगली कॉलेजं मिळतात, मनासारखी शाखाही मिळते. पण जेवणावळीत कुणीतरी 'आता सीओईपी पक्कं' असं बोलून गेला आणि पुढचा महिनाभर तो मुलगा खाली मान घालून फिरला.

कॅपच्या पसंतीचा फॉर्म भरणं ही तर खरी लढाई, आणि ती आपण कॅफेवाल्यावर सोपवतो. वर्ध्याच्या बाजारात एका कॅफेत मी तासभर बसलो होतो. शेजारी आर्वीचा एक मुलगा, मागं उभे त्याचे काका. मुलानं पहिल्या क्रमांकावर त्याला हवं ते कॉलेज टाकलं. काका म्हणाले, "ते लागत नाही, कायले पसंती वाया घालवतं? लागते ते वर टाक." मुलानं मुकाट्यानं ते खोडलं.

मी मध्ये पडलो. पसंती वाया जात नाही. यंत्र तुमची यादी वरून वाचतं. पहिलं तुमच्या रँकला मिळत नसेल तर दुसरं पाहतं, मग तिसरं. वर मोठं नाव लिहिलं म्हणून खालचं कुणी काढून घेत नाही. यादीत तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. उलट तोटा काकांच्या मार्गानं होतो. २०२५-२६ च्या प्रवेशात नियमच असा होता की पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागायची, पुढच्या फेरीचा रस्ता बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तेच. 'लागतं ते' वर टाकणारा मुलगा पहिल्याच फेरीत तिथं अडकतो आणि त्याला हवं असलेलं कॉलेज पुढच्या फेरीत त्याच्या मागच्या रँकवर थांबतं. मनात जो क्रम आहे तोच फॉर्मवर लिहायचा. काकांना पटलं की नाही कोण जाणे, पण मुलानं खोडलेलं नाव परत वर टाकलं आणि सेव्हचं बटण दोनदा दाबलं.

त्याच यादीत पर्यायाच्या कोडच्या शेवटी टी लावलेले पर्याय असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शिकवणी शुल्क माफ असलेल्या त्या जागा. रोजमजुरीवर घर चालवणाऱ्याच्या मुलानंही ते पर्याय टाकलेले नाहीत, असं मी पाहिलं आहे. कुणी सांगितलंच नव्हतं. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्ग आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला हवा. कुणी "मॅनेजमेंटमधून सीट कन्फर्म करून देतो" म्हणत दारात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. त्याच्या सीटवर ही माफी मिळत नाही.

कागदांबद्दल थोडं. ओबीसी मुलाला जेईईच्या प्रवेशाला राज्याचं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं आणि ते त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. सेतू केंद्रात उभं राहून 'केंद्राचं' हा शब्द उच्चारला नाही तर हातात राज्याचंच पडतं, आणि मुलगा खुल्या गटात ढकलला जातो. जात वैधतेचा अर्ज बारावीच्या सुरुवातीला कॉलेजमार्फत टाकायचा असतो. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांची रांग दर वर्षी पाहतो मी, पेरणीच्या ऐन दिवसांत. बाप एक डोळा आभाळाकडे ठेवून खिडकीपुढं उभा असतो.

आमचा वर्धा जिल्हा तसा शिक्षणाचा विचार करून दाखवलेला जिल्हा. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची परिषद इथंच भरली. हातानं काम करत मूल शिकेल, आपल्या भोवतालाशी जोडून शिकेल, असं इथं ठरलं. १९६९ ला डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं आणि नीट येण्याआधी त्याची स्वतःची प्रवेश परीक्षा होती. त्यात गांधीविचारांचा एक पेपर असायचा. डॉक्टर होऊ पाहणारा पोरगा खेड्याबद्दल काय विचार करतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मला तो पेपर चांगला वाटायचा, आजही वाटतो. पाठ करून लिहिणारे असतीलच. तरी प्रवेशाच्या दारात तो प्रश्न कुणीतरी विचारत होतं. आता सेवाग्रामलाही त्याच एका रँकनं जायचं, आणि त्या रँकसाठी सेवाग्रामच्या आसपासची मुलं शेकडो किलोमीटरवर खोली करून राहतात.

आष्टीच्या मुलीचं काय झालं ते सांगतो. तिला देशपातळीच्या फेरीचा फॉर्म समजावून दिला. एम्सचे पर्याय वर ठेवले, राज्याबाहेरची सरकारी कॉलेजं खाली उतरत्या क्रमानं. जिथं भाषा कळेल, जिथं रेल्वे जाते, अशी ती स्वतःच निवडत गेली. एकदाही रडली नाही. बाप मात्र सारखा फोल्डर उघडून ती गुणपत्रिका पाहत होता.

निघताना बाप चपला घालत होता तेव्हा मी सहज विचारलं, घरात आणखी कोण शिकतंय. धाकटा आहे, म्हणाला, यंदा दहावी झाला, ८९ टक्के. मी म्हटलं, त्याची बारावी इथूनच होऊ द्या, काहीही झालं तरी.

तो पायरीवर थांबला.

"त्याचे तं पैसे भरले जी आमी. मागच्या सोमवारी. त्याले बी तिकडंच पाठवाचं ठरलं."

मी त्याला परत आत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हटलं, पावती काढा, त्यावर नंबर असेल, आत्ता फोन लावा.