आमच्या लिंबाला ताण नाही

फळझाडांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं मोठी सात्त्विक असतात. वर लालबुंद डाळिंब नाहीतर टपोरी मोसंबी, आणि आत पहिल्या पानापासून खुडा, छाटा, तोडा, उपटा! गुलाब-मोगरा माणूस कौतुकाने वाढवू शकतो. फळ हवं असेल तर काळीज घट्ट लागतं. आमच्या घरात तेवढं घट्ट काळीज कुणाचंच नाही, आणि म्हणूनच गच्चीवर झाडं उदंड आहेत, फळं मात्र बाजारातून येतात.

सुरुवात आंब्यापासून झाली. आईने हापूसची एक कोय धुऊन-वाळवून तयार ठेवली होती. पण हापूसच्या कोयीतून हापूसच निघेल याचा भरवसा नाही, शिवाय फळासाठी सात-आठ वर्षंही थांबावं लागतं. मग नर्सरीतून ‘रत्ना’चं कलम आणलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ही जात दिली. दोन्हीकडची मंडळी नावाजलेली, तेव्हा आईला स्थळ पसंत पडलं.

नर्सरीवाल्या मामांनी बजावलं होतं, “पहिली तीन वर्षं मोहर आला की खुडून टाकायचा. पोरसवदा झाडाला फळाचं ओझं पेलत नाही.” त्याच थंडीत मोहर आला. मी हात पुढे केला, तर आई कुंडीच्या आडवी उभी.

“अरे, संक्रांतीच्या तोंडावर भरला मोहर खुडतोस? हात तरी कसा धजावतो?”

मोहर राहिला. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या, गोटीएवढ्या झाल्या आणि एकेक करून गळून पडल्या. आईने त्यांचीही चटणी केली. झाड पुढचं वर्षभर आजारातून उठल्यासारखं उभं होतं.

पपईचं प्रकरण बायकोच्या खात्यातलं. बाजारच्या पपईच्या बिया पेरल्या की नर किती आणि मादी किती, हा सगळा नशिबाचा भाग. फुलं येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, झाड काही पत्ता लागू देत नाही. मग एके दिवशी लांब देठांवर फुलांचे झुबके लोंबू लागले, की समजायचं हा नर. शास्त्र सांगतं, दहा माद्यांमागे एक नर ठेवावा, बाकीचे काढावेत. आमच्याकडे ड्रमात दोनच झाडं, आणि दोन्ही नर. मी कोयता घेऊन निघालो.

“थांबा,” बायको म्हणाली. “दिसायला धडधाकट, पण फळ काही नाही, म्हणून काढून टाकायचं ठरलं, तर या घरात सुरुवात कुठून करायची?”

मी कोयता जागेवर ठेवला. दोन्ही पपया आजही डौलात उभ्या आहेत.

लिंबावर हक्क लेकीचा. राहुरीच्या विद्यापीठाची ‘साई शरबती’ जात, भरपूर रसाची म्हणून हौसेने आणलेली. तिच्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी होती. शत्रूने ओळखू नये म्हणून लहानपणी ती असं सोंग घेते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडते. पुस्तकात लिहिलं होतं, ‘अळ्या वेचून नष्ट कराव्यात.’ लेकीने वेचल्या, बरणीत ठेवल्या आणि त्याच झाडाची कोवळी पानं तोडून त्यांना वेळच्या वेळी भरवली. फुलपाखरं सुरेख निघाली. खिडकीतून उडाली ती थेट लिंबावर अंडी घालायला.

एवढं सोसूनही लिंबू पानांनी गच्च भरलं, पण फूल धरेना. मामा म्हणाले, “लाड फार होतायत. ताण द्या.” मृगबहर धरायचा तर मे महिन्यात पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड वाढ थांबवतं आणि पाऊस पडताच फुलतं. मी पाणी तोडलं, पण कुंडीतली माती रोज ओलीच. आई तुळशीला घालताना उरलेला तांब्या तिथे रिता करायची, बायको तांदळाचं धुवण ओतायची, लेक वॉटरबॅग.

समोरच्या फ्लॅटमधले अण्णा बागकामातलं ओ की ठो जाणत नाहीत. दर मे महिन्यात ते बाल्कनीतल्या लिंबासकट घर बंद करून मुलाकडे बंगळूरला जातात, आणि पावसाळा सरला की आम्हालाच लिंबं वाटतात. यंदा मी आमची कुंडीच त्यांच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. अण्णांनी कुलूप लावलं आणि अडीअडचणीला असावी म्हणून किल्ली आईकडे दिली.

मेअखेरीस त्यांचा फोन आला. “अहो, खालच्या मजल्यावरचे म्हणतात, माझ्या बाल्कनीतून रोज पाणी गळतंय. घर तर बंद आहे. जरा प्लंबरला बोलावता का?”

मी आईकडे पाहिलं.

“असा काय बघतोस?” आई म्हणाली. “अण्णांच्या लिंबालाही घालते हो. एकाला पाजायचं आणि दुसऱ्याला नुसतं बघत ठेवायचं, हे का बरं दिसतं?”