ओढतंय की!

गळीत हंगामाची सुरुवात आपल्याकडे अगदी विधिवत होते. बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते, चेअरमनसाहेब विक्रमी गाळपाचा संकल्प सोडतात आणि संचालक मंडळ टाळ्या वाजवतं. या कार्यक्रमाची पत्रिका न्यूटनसाहेबांना मात्र कधीच जात नाही. ते कार्यक्षेत्राबाहेरचे, त्यामुळे सभासदांच्या यादीत त्यांचं नाव नसावं. काही असो, मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने वस्तुमान, वेग आणि उतार यांचे नियम ऊसपट्ट्यापुरते स्थगित झाले, अशी आपली सार्वजनिक समजूत आहे.

या समजुतीचं प्रात्यक्षिक कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कुठल्याही रस्त्यावर दिवेलागणीनंतर फुकट बघायला मिळतं. पुढे पन्नासएक हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, स्वतःचं वजन दोन-सव्वादोन टन. मागे एक ट्रॉली, तिच्या मागे दुसरी. दोन्हींत मिळून वीस टन ऊस ही काही फुशारकीची गोष्ट नव्हे, रोजची खेप. ट्रॉल्यांचं लोखंड वेगळंच. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं दसपट. मालकाला म्हणावं, "अहो, एवढं जड जोडणं बरं का?" तर तो आपल्याकडे कणवेनं बघतो आणि दोन शब्दांत शास्त्रार्थ संपवतो, "ओढतंय की!"

या दोन शब्दांवर राज्याची ऊसवाहतूक उभी आहे. ट्रॅक्टर घेताना मेव्हणा, मेस्त्री, पानपट्टीवाला सगळे एकच विचारतात: किती ओढतो? थांबतो का, हे विचारणं म्हणजे लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचा वकील कोण, असं विचारण्यासारखं.

तरी ते खातं जरा उघडून बघू. ट्रॅक्टरला ब्रेकची पॅडलं दोन असतात, एक मागच्या डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. रानात कडेला पोचल्यावर एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थोडक्या जागेत वळतो, त्यासाठी ही सोय. डांबरी रस्त्याला लागलं की दोन्ही पॅडलं एका छोट्या पट्टीनं एकमेकांना अडकवायची असतात, म्हणजे पाय कुठंही पडला तरी दोन्ही चाकं सारखीच धरतात. ही पट्टी लावायला तंबाखू मळण्याइतकाही वेळ लागत नाही. पण पुढच्या खेपेला परत रानातच जायचंय, मग लावा-काढा करतंय कोण? ती आपली लोंबत असते. एखाद्या रात्री कुत्रं आडवं येतं, घाईत पाय एकाच पॅडलवर पडतो आणि ट्रॅक्टर रानातल्यासारखा गर्रकन वळतो. मागचे वीस टन मात्र सरळच येतात. त्यांना वळायचं कुणी सांगितलेलं नसतं.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे एवढी वरात थांबवायची जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. सपाटीला ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. ढकलणारी जड आणि ढकलला जाणारा हलका, त्यामुळे वळणावर हुकाच्या सांध्यात सगळी गाडी दुमडते. त्यात डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल मारायची आपली जुनी पद्धत. इंजिन गाडीला थोडंफार धरून ठेवत होतं, तेही मग रजेवर. एरवी साखरेच्या उताऱ्यावर दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत भांडणारी माणसं रस्त्याच्या उताराबाबत कमालीची उदार असतात.

चढाला प्रकार उलटा. हुकावरचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो, पुढचा भाग हलका होतो आणि पुढची चाकं जमीन सोडतात. हूक जेवढा उंच, तेवढी ही हौस मोठी. म्हणून ओढ नेहमी मागच्या आसाच्या खालून असावी, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक कागदपत्रांच्या पिशवीत, प्लॅस्टिकसकट. आपला उपाय जास्त सुटसुटीत आहे. पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं, त्यावर दगडांची पोती, आणि एवढ्यानं नाही भागलं तर दोन माणसं बोनेटवर. ज्या चाकांनी वळायचं तीच हवेत असल्यावर स्टेअरिंग नुसतं हाताला चाळा म्हणून उरतं. पण कडेला उभा असलेला कुणीतरी मोबाइलवर रील काढत असतो आणि खाली प्रतिक्रिया येतात, 'नादखुळा!'

ट्रॅक्टर जुना असला की आत्मविश्वास आणखी वाढतो. डिझेल इंजिनाची खोडच अशी, की ते म्हातारं झालं तरी ओढायचं सोडत नाही. दम कमी वाटला तर मेस्त्री पंप वाढवून देतो. सायलेन्सरमधून काळा धूर निघाला की मालकाचा चेहरा उजळतो. ब्रेकचे लायनर, टायरची नक्षी, स्टेअरिंगचे सांधे यांचा पंप मात्र कुठल्याही मेस्त्रीला वाढवता येत नाही. सर्वांत प्रेक्षणीय असते ती दोन ट्रॉल्यांच्या मधली पिन. झिजून कंबर बारीक झालेली. ती वर उसळून निघू नये म्हणून खाली एक क्लिप लावायची असते. त्या भोकात बहुधा बांधकामावरची तार दोन वेढे पिळून घातलेली दिसते. मागच्या ट्रॉलीतल्या दहा टनांचं भवितव्य त्या दोन वेढ्यांच्या हवाली.

हा रोग आपल्याकडेच आहे असं समजून कुणी मान खाली घालू नये. अमेरिकेतही नव्वदच्या दशकातले डिझेल पिकअप जपणारी भक्तमंडळी आहेत. कुणाचं दैवत फोर्डमधलं 7.3 लिटरचं पॉवरस्ट्रोक, कुणाचं डॉजमधलं 5.9 लिटरचं कमिन्स. इंजिन दणकट म्हणजे बाकीची गाडीही दणकट, हा सिद्धान्त त्यांनाही मान्य आहे. फरक एवढाच, की गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल, हे तिथे कंपनी छापून देते आणि काही लोक ते वाचतातही. साध्या हुकाच्या ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन हुकावर यावं, असा तिथला दंडक. कमी पडलं तर ट्रेलर मागे झोके घेतो, जास्त झालं तर पिकअपची पुढची चाकं हलकी होतात. आणि अनेक राज्यांत 3,000 पौंडांच्या, म्हणजे साधारण 1,360 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. 1,360 किलो! एवढ्याच वजनाची ट्रॉली आपल्या काट्यावर आली, तर काटेवाला विचारेल, "ऊस वाटंत कुठं सांडला काय?"

शासनाला काळजी नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. दर हंगामात कारखान्याच्या आवारात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. साहेब येतात, शाल-श्रीफळ होतं, ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर चिकटवला जातो आणि एका रिफ्लेक्टरला सहा हात लागलेला फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो. फोटोतली ट्रॉली रिकामी असते. भरल्यावर उसाची टोकं हात-दीड हात बाहेर येतात, पाचट खाली लोंबतं आणि रिफ्लेक्टर आत इतका सुरक्षित राहतो की त्याच्यावर धूळही बसत नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात अंधारच दिसतो. त्यानं हॉर्न वाजवावा म्हटलं, तर ड्रायव्हरच्या डोक्यामागे दोन भलेथोरले स्पीकर. ट्रॅक्टरवर ब्रेकपेक्षा आवाजावर जास्त खर्च झालेला असतो, आणि ते बरोबरच आहे. थांबता येत नसेल तर निदान येतोय हे तरी गावाला कळावं.

पण या सगळ्या नाट्याचा कळस आहे कारखान्याचा वजनकाटा. रस्त्यावर एखादी गाडी जादा भरली आहे की नाही, हा वादाचा विषय असू शकतो. उसाच्या गाडीबाबत वादाला जागाच नाही. ती काट्यावर चढते, भरलेलं वजन नोंदलं जातं, ऊस रिकामा करून परत येते, रिकामं वजन नोंदलं जातं आणि वजाबाकी छापून पावती मिळते. गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, तारीख, वेळ, सगळं त्यात. अपराध्यानं स्वतः चालत येऊन अपराधाचं वजन करून घ्यावं आणि त्याची पावती खिशात घालून घरी जावं, अशी व्यवस्था खुनाच्या खटल्यालाही लाभलेली नाही. त्या काट्यावर सगळ्यांचं लक्षही असतं. काटा मारतात की काय, म्हणून शेतकरी संघटना आंदोलन करतात, भरारी पथकं तपासणीला येतात, किलो-किलोचा हिशेब होतो. वजन कमी तर दाखवलं नाही ना, हे सगळे बघतात. आहे तेच किती जास्त आहे, हे कुणी बघत नाही.

कायदा आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. वजन करून द्यायला नकार दिला तर 40,000 रुपये. हिशेबी माणसानं यातली गंमत लगेच ओळखावी. दहा टन जादा असले तर दंड होतो बरोबर 40,000. अकरावा टन चढला की नकार देणंच दोन हजारांनी स्वस्त. कायदा करणाऱ्यांनी जास्त भरणाऱ्याला घाऊक सवलत ठेवली आहे, असंच म्हणावं लागेल. आणि जादा माल उतरवायचा म्हणजे दहा टन ऊस रात्री अकरा वाजता फाट्यावर रचायचा. वाळणाऱ्या वजनाचा हिशेब कुणाच्या नावे? राखणीला कोण? साहेबही माणूसच असतो. तो हात हलवून गाडी पुढे सोडतो.

यात ट्रॅक्टरमालकाला खलनायक करणं सोपं आहे. त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता असतो. तोडणी टोळीला त्यानं लाखांनी उचल दिलेली असते आणि मुकादम ती घेऊन कधी परागंदा होईल, याचा नेम नसतो. काट्यापुढे नंबर लागायला तासन्तास जातात. भाडं मिळतं ते टनावर आणि अंतरावर. मग दोन हलक्या खेपांपेक्षा एक जड खेप केव्हाही शहाणपणाची. शेतकऱ्याला फड लवकर मोकळा हवा, कारखान्याला गाळपाचा आकडा हवा, ड्रायव्हरला झोप हवी. सगळ्यांचं हित एकाच ट्रॉलीत भरलेलं असल्यावर ती ओसंडणारच.

म्हणून एक उपाय सुचवतो. काट्यावरच्या संगणकात प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीचं पासिंगचं वजन भरून ठेवावं आणि एकच सूचना घालावी: त्यावरच्या टनांचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण, वाहतुकीचं भाडं मात्र शून्य. नाकाबंदी नको, भरारी पथक नको, प्रबोधन नको. फुकट ओझं वाहणारा मालक ऊसपट्ट्यात अजून जन्मायचाय, त्यामुळे आठवडाभरात ट्रॉल्या आपोआप रोडावतील. तेवढ्यात खेपेचं भाडं परवडेल इतकं वाढवून दिलं, तर मालकही तक्रार करणार नाही.

या उपायात खोट एकच आहे. त्याचं उद्घाटन करता येत नाही. संगणकातल्या सूचनेला हार घालता येत नाही, तिच्यासमोर नारळ फोडता येत नाही, तिला सहा जणांनी हात लावून फोटो काढता येत नाही. शिवाय ती घातली तर गाळपाचा विक्रम एखाद-दोन दिवस लांबण्याचा धोका आहे. तेव्हा ती या हंगामात अमलात येईल, अशी भीती कुणीही बाळगू नये.